भांग, गांजा आणि मेंदूचा रक्तपुरवठा

आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी कुटुंबांना उपयोगी पडेल असे काही लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा आम्ही हा विषय मुद्दाम निवडला. मंगल प्रसंगी असला विषय कशाला, असे काही वडीलधाऱ्यांना वाटेल. परंतु न्यासाने पन्नास वर्षे ज्या शिष्यवृत्त्या दिल्या, वह्यापुस्तके वाटली, त्या साऱ्यांचा हेतू मुलांची बुद्धी फुलावी हाच होता. त्या बुद्धीचे घर जो मेंदू, त्याला रक्त नीट पोचते की नाही, हा प्रश्न अशा प्रसंगी अप्रस्तुत कसा म्हणावा?

दारू वाईट, याविषयी आपल्या घरांत मतभेद नाही. पिणारासुद्धा ती चोरून पितो. भांगेचे तसे नाही. माळव्यात राहून भांगेचे नाव न ऐकलेला माणूस विरळाच. उज्जैनला महाकालेश्वराचा भांगेने शृंगार होतो. शिवरात्रीला आणि होळीला ठंडाईत भांगेची गोळी पडते. कित्येक घरांत तिला व्यसन न म्हणता ‘बूटी’ म्हणतात. आमच्या धर्मात नशा आणणारी वस्तू निषिद्ध मानली आहे. तरी फकिरांच्या तकियात हातोहात फिरणारी चिलीम आमच्या वडिलांच्या पिढीने पाहिली होतीच. तेव्हा या बाबतीत कोणी कोणाकडे बोट दाखवावे अशी स्थिती नाही. कोणाच्याही नावाने घेतली, तरी शरीरात गेल्यावर ती वस्तू आपलेच काम करते. ते काम कोणते, आणि विशेषतः वर्षानुवर्षे सेवन केल्यास मेंदूतील रक्तप्रवाहावर त्याचा काय परिणाम होतो, हे प्रस्तुत लेखात सोप्या भाषेत मांडण्याचा विचार आहे.

एकच झाड, तीन रूपे

भांग, गांजा आणि चरस ही तीन नावे असली तरी झाड एकच. त्याची पाने वाटली की भांग होते. मादी झाडाचा फुलोरा वाळवला की गांजा होतो. आणि त्यातून निघणारी राळ म्हणजे चरस. भांगेत अमली द्रव्य सामान्यतः कमी असते, गांजात अधिक, आणि चरसात त्याहून अधिक. 1985 साली झालेल्या अमली पदार्थविषयक कायद्याने गांजा व चरस यांना बंदी घातली. पण फुलोऱ्याविना असलेली नुसती पाने त्या व्याख्येतून वगळली. म्हणूनच आपल्या राज्यात भांग परवान्याने विकली जात आली आहे. यावरून पुष्कळांची अशी समजूत होते की, जी वस्तू सरकारमान्य दुकानात मिळते ती निरुपद्रवी असली पाहिजे. ही समजूत बरोबर नाही. कायद्याने पानात आणि फुलोऱ्यात भेद केला असला, तरी दोहोंतील अमली द्रव्य एकच आहे.

आणखी एक आधार नेहमी पुढे केला जातो. ब्रिटिश सरकारने 1893 साली नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनने देशभर हजाराहून अधिक साक्षी घेतल्या, वेड्यांच्या इस्पितळांचे दप्तर तपासले, आणि 1894 साली असा अभिप्राय दिला की, माफक सेवनाने जवळजवळ काही अपाय होत नाही, अतिरेकाने मात्र होतो. कमिशनचे काम मोठे कसोशीचे होते यात शंका नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या काळी जिवंत माणसाच्या मेंदूत रक्त कसे वाहते, हे मोजण्याचे साधनच नव्हते. साक्षीदार डोळ्यांना दिसते तेवढेच सांगणार! कवटीच्या आत काय चालले आहे, हे ना साक्षीदारास ठाऊक, ना कमिशनास. झाडातील मुख्य अमली द्रव्य, ज्याला टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल अथवा थोडक्यात टीएचसी म्हणतात, ते शुद्ध रूपात वेगळे काढून त्याची रचना निश्चित करण्याचे काम मेशुलाम आणि गाओनी या इस्रायलमधील शास्त्रज्ञांनी 1964 साली केले. म्हणजे कमिशनच्या अहवालानंतर सत्तर वर्षांनी.

मेंदूला रक्त किती लागते?

मोठ्या माणसाच्या मेंदूचे वजन साधारणपणे तेराशे ते चौदाशे ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या सुमारे 2 टक्के. पण हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे 15 टक्के रक्त एकटा मेंदू घेतो, आणि विश्रांतीच्या वेळी शरीर जेवढा प्राणवायू वापरते, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा त्यालाच लागतो. मिनिटाला अंदाजे पाऊण लिटर रक्त त्याच्यातून वाहत असते. साठा करून ठेवण्याची सोय मेंदूत जवळजवळ नाही. मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबाने रोजचे धान्य रोज आणावे, तशी त्याची स्थिती आहे. रक्त साफ थांबले तर दहा सेकंदांच्या आसपास माणसाची शुद्ध हरपते, आणि काही मिनिटांत मेंदूच्या पेशी मरू लागतात.

हे रक्त मानेतून वर जाणाऱ्या चार रोहिण्यांतून येते. दोन पुढच्या बाजूने, दोन पाठीच्या कण्याच्या बाजूने. मेंदूच्या तळाशी त्या एकमेकींस जोडल्या जाऊन एक वर्तुळ तयार होते. इंग्लंडमधील वैद्य टॉमस विलिस याने 1664 साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्यास विलिसचे वर्तुळ म्हणतात. तेथून फुटणाऱ्या रोहिण्या बारीक होत होत शेवटी केसाहूनही बारीक वाहिन्यांत विभागतात.

शेताला पाणी देताना शेतकरी ज्या वाफ्याला गरज असेल त्याचे बारे फोडतो आणि भिजलेल्या वाफ्याचे बारे बांधतो. मेंदूतही असेच चालते. मूल गणित सोडवू लागले की मेंदूच्या ज्या भागाला काम पडते, तेथील बारीक रोहिण्या सैल होतात व त्या भागाकडे अधिक रक्त येते. मेंदू आपला रक्तपुरवठा गरजेनुसार स्वतःच कमीजास्त करतो, ही कल्पना रॉय आणि शेरिंग्टन या दोघांनी 1890 साली मांडली आणि पुढील संशोधनाने ती खरी ठरली. या व्यवस्थेसाठी रोहिण्यांच्या भिंती लवचिक असाव्या लागतात. बारे गाळाने घट्ट झाले तर विहिरीला पाणी असूनही वाफा कोरडा राहणार!

अमली द्रव्य आत गेल्यावर

टीएचसी मेंदूवर परिणाम करू शकते याचे कारण, त्याच्याशी जुळणारी ‘कुलुपे’ आपल्या पेशींवर मुळातच असतात. अशी कुलुपे मेंदूत आहेत हे 1988 साली सिद्ध झाले. निसर्गाने ती गांजासाठी केलेली नाहीत. शरीर स्वतःच अशी द्रव्ये तयार करते की, जी या कुलुपांना लागतात आणि भूक, स्मरण, वेदना, झोप यांचे नियमन करतात. त्यांपैकी पहिले 1992 साली सापडले, आणि त्याला आपल्या संस्कृतातील ‘आनंद’ शब्दावरून ‘आनंदमाइड’ असे नाव देण्यात आले. ही कुलुपे मज्जापेशींवर असतात, तशीच रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही असतात. आणि आपल्या विषयाचे मर्म येथेच आहे. बाहेरून आलेली किल्ली विचारावर जशी चालते, तशी रक्ताच्या बाऱ्यांवरही चालते.

तात्कालिक परिणाम तर सर्वांच्या ओळखीचे आहेत. डोळे लाल होतात, कारण तेथील रक्तवाहिन्या फुगतात. हृदय जोराने धडधडू लागते. मिनिटाला वीस ते पन्नास ठोक्यांपर्यंत वाढ होऊ शकते. एकदम उठून उभे राहिल्यास काहींना घेरी येते, कारण रक्तदाब खाली जाऊन त्या क्षणी मेंदूला रक्त कमी पडते. चिलीम ओढल्यास हे सर्व काही मिनिटांत सुरू होते. भांग मात्र पोटातून शोषली जात असल्याने परिणाम दिसायला अर्धा तास ते दोन तास लागतात. ‘अजून काही चढली नाही’ म्हणून लोक दुसरा पेला घेतात, आणि मग दोन्ही पेले एकदम चढतात. होळीच्या संध्याकाळी इस्पितळात न्यावे लागणाऱ्यांपैकी पुष्कळांची हकीकत एवढीच असते.

टीएचसी चरबीत मुरून राहणारे आहे. रोज सेवन करणाऱ्याच्या लघवीत त्याचे अवशेष काही आठवड्यांनंतरही सापडतात. म्हणून ‘सकाळी उतरली, संपले’ हे रोजच्या सेवनकर्त्याच्या बाबतीत खरे नाही.

रक्ताचा वेग कसा मोजतात?

जिवंत माणसाच्या मेंदूतील रक्तप्रवाह मोजण्याची पहिली भरवशाची पद्धत अमेरिकेतील केटी आणि श्मिट यांनी 1940 नंतरच्या दशकात तयार केली. तीत सुया टोचाव्या लागत. पुढे 1982 साली आस्लिड व त्याच्या सहकाऱ्यांनी एक सुटसुटीत युक्ती काढली. कानशिलाजवळ कवटीचे हाड पातळ असते. तेथून कानाला ऐकू न येणारा ध्वनी आत सोडावयाचा. वाहत्या रक्तावरून परावर्तित होऊन तो बदललेल्या स्वराने परत येतो. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिटी चढ्या स्वरात ऐकू येते आणि दूर जाणारीची उतरत्या, हा आपला नेहमीचा अनुभव आहे. त्याच तत्त्वाने रक्ताचा वेग कळतो.

हृदय आकुंचन पावते तेव्हा रक्ताचा वेग वाढतो, आणि सैल होते तेव्हा कमी होतो. या दोन वेगांतील फरकास सरासरी वेगाने भागले की एक अंक मिळतो. समजा, एका माणसाचा जास्तीत जास्त वेग सेकंदाला 90 सेंटिमीटर, कमीत कमी 40, आणि सरासरी 57 आहे. तर अंक सुमारे 0.88 आला. दुसऱ्याचा जास्तीत जास्त वेग 90 च, पण कमीत कमी 25 आणि सरासरी 47. तर अंक सुमारे 1.38 येतो. (हे आकडे केवळ समजण्यासाठी आम्ही घेतले आहेत.) दुसऱ्या माणसाच्या मेंदूत हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मध्ये रक्ताचा ओघ फार मंदावतो. पुढच्या बारीक वाहिन्या आवळलेल्या वा ताठर असल्या की असे होते. म्हणजे हा अंक जितका मोठा, तितका रक्ताला होणारा अडथळा अधिक असे समजावे.

महिनाभराची एक पाहणी

अमेरिकेच्या सरकारी व्यसन-संशोधन संस्थेच्या बाल्टिमोर येथील शास्त्रज्ञांनी या साधनाने केलेली एक पाहणी 2005 साली प्रसिद्ध झाली. तीत गांजा ओढणारे 54 जण आणि न ओढणारे 18 जण होते. ओढणाऱ्यांचे तीन गट केले होते. आठवड्याला 2 ते 15 विड्या ओढणारे ते ‘थोडे’, 17 ते 70 ओढणारे ते ‘मध्यम’, आणि 78 ते 350 ओढणारे ते ‘भारी’. या सर्वांना चार आठवडे देखरेखीखाली ठेवून गांजा पूर्ण बंद करण्यात आला. आरंभी एकदा आणि महिन्याच्या शेवटी एकदा, असे दोनदा रक्ताचे मोजमाप झाले.

आरंभीच असे दिसले की, ओढणाऱ्यांच्या मेंदूतील रक्ताला होणारा अडथळा न ओढणाऱ्यांपेक्षा अधिक आहे. हा अडथळा जुना रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या रोग्यांत आढळतो त्या प्रकारचा होता. महिन्यानंतर थोड्या आणि मध्यम गटांत काही सुधारणा दिसली. भारी गटात मात्र महिनाभर एक झुरका न घेताही सुधारणा झाली नाही. ओढणाऱ्यांमध्ये स्मरण व एकाग्रता कमी आढळते, त्याचे अंशतः कारण हे असू शकेल, असे त्या शास्त्रज्ञांचे म्हणणे पडले. ‘अंशतः’ हा शब्द त्यांनी जपून वापरला आहे. आपणही तो जपला पाहिजे.

येथे वाचकांनी ‘थोडे’ या शब्दाकडे पाहावे. दिवसाला एक किंवा दोन विड्या ओढणारा त्या गटात बसतो. आमच्याकडे महाविद्यालयात गेलेले जुने विद्यार्थी कधी मोकळेपणाने बोलतात, तेव्हा रोज दोन म्हणजे ‘काहीच नाही’ असे त्यांचे म्हणणे असते. जे काहीच नाही असे वाटते, तेही मोजण्याजोगे असते, आणि सोडल्यास बरेही होऊ लागते. या पाहणीचा अर्थ आम्ही तरी असा घेतो.

दुसरीही बाजू

कोणत्याही एका पाहणीवर सारा निवाडा करणे शास्त्राला धरून नाही. 54 माणसे म्हणजे काही फार नव्हेत. शिवाय गांजा ओढणारे पुष्कळ जण तंबाखूही ओढतात, आणि तंबाखू स्वतःच रक्तवाहिन्यांचा वैरी आहे. तेव्हा कोणाचा दोष किती हे निवडणे कठीण जाते. पुढील पाहण्यांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन पाहणीत, तीन दिवस गांजा बंद ठेवलेल्या जुन्या सेवनकर्त्यांच्या मेंदूत खोलवरच्या एका भागात रक्तप्रवाह उलट वाढलेला आढळला, आणि प्राणवायूचा खपही अधिक दिसला. कोठे कमी, कोठे अधिक, असे चित्र आहे. पण कमी आणि अधिक या दोहोंचा अर्थ, रक्त वाटण्याची नैसर्गिक घडी बिघडलेली आहे, हाच होतो.

एका गोष्टीबाबत मात्र डॉक्टर अधिकाधिक सावध होत चालले आहेत, ती म्हणजे तरुणांचा पक्षाघात. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथील डॉक्टरांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, रक्त अडून पक्षाघात झालेले 48 तरुण रोगी ओळीने तपासले. कोणीही पंचेचाळिशीच्या पुढचा नव्हता. त्यांपैकी 10 जणांच्या मेंदूतील रोहिण्या अनेक ठिकाणी आवळलेल्या आढळल्या, आणि ते दहाही जण गांजा ओढणारे होते. याचा अर्थ ओढणाऱ्या प्रत्येकाला पक्षाघात होतो असा नव्हे. बहुसंख्यांना होत नाही. परंतु ज्या वयात हा रोग सहसा होऊ नये, त्या वयात तो झाला तर डॉक्टर आता हा प्रश्न आवर्जून विचारतात.

आशेची गोष्टही सांगितली पाहिजे. रोज ओढणाऱ्यांच्या मेंदूतील वर सांगितलेली कुलुपे बाहेरच्या किल्लीच्या माऱ्याने कमी होतात. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत, मेंदूच्या बाह्य थरात ती सुमारे 20 टक्के कमी आढळली. पण चारएक आठवडे सेवन बंद राहिल्यावर बहुतेक भागांत ती पुन्हा जवळजवळ पूर्ववत झाली. मेंदू क्षमाशील आहे. मात्र त्याची क्षमा अमर्याद आहे असे बाल्टिमोरचे आकडे सांगत नाहीत.

घरातील माणसांनी काय करावे?

‘आमच्या आजोबांनी जन्मभर भांग घेतली, नव्वद वर्षे जगले,’ असे उत्तर आम्हांला अनेकदा मिळाले आहे. वरील पाहण्या ओढणाऱ्यांवर झालेल्या आहेत, वर्षातून एकदा ठंडाई घेणाऱ्यांवर नव्हे, हे आम्ही प्रामाणिकपणे मान्य करितो. धूर फुप्फुसात जातो तेव्हा त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही जातो. भांगेत तो नसतो. परंतु आजोबांची भांग आणि नातवाचा गांजा एक नव्हे. अमेरिकेत पकडल्या गेलेल्या गांजात टीएचसीचे प्रमाण 1995 साली सुमारे 4 टक्के होते, ते 2014 साली 12 टक्क्यांवर गेले. शिवाय आजोबांनी चाळिशीत घेतली असेल. नातू सोळाव्या वर्षी घेतो, आणि त्या वयात मेंदूची घडण पुरी झालेली नसते. एकाच आजोबांचा दाखला देऊन नियम ठरत नाही, हे तर आम्ही नववीच्या मुलांनाही शिकवितो.

म्हणून काही साध्या सूचना येथे देतो. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या माणसाला सणाचा प्रसाद म्हणूनही भांग देऊ नये, आणि कोणालाही न सांगता तर मुळीच पाजू नये. डॉक्टरांपुढे सेवनाची गोष्ट लपवू नये. ते न्याय करायला बसलेले नसतात. कोणाचे तोंड एकाएकी वाकडे झाले, एक हात उचलेनासा झाला, किंवा बोलणे अडखळू लागले, तर ‘नशा उतरेल’ म्हणून वाट पाहू नये. रक्ताची गाठ विरघळविणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते, म्हणून लगेच मोठ्या इस्पितळात न्यावे.

मुलाने सोडायचे ठरवले तर पहिले एकदोन आठवडे तो चिडतो, त्याला झोप लागत नाही, अन्नावर वासना राहत नाही. आयाबहिणींना वाटते, सोडल्यामुळे तो आजारी पडला. आणि दयेपोटी त्या कानाडोळा करितात. तसे करू नये. हे दिवस सरतात. मारहाण, कोंडून ठेवणे, नातेवाइकांत बभ्रा करणे, यांनी मुलगा गांजापासून दूर न जाता घरापासून दूर जातो. आम्ही वर्गात जे पाहिले, ते असे की, शेवटच्या बाकावर बसून खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणणारे पुष्कळ असतात, ‘तुला काय होते आहे’ असे विचारणारा एखादाच. घरच्यांना एकट्याने निभत नसेल, तर केंद्र सरकारची 14446 या क्रमांकाची निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे; तीवर सल्ला मिळतो आणि जवळचे व्यसनमुक्ती केंद्रही कळते.

आपल्या न्यासाच्या विश्वस्तांपुढे एक विनंती ठेवून हा लेख आवरता घेतो. शिष्यवृत्तीचा धनादेश देण्यासाठी आपण दरवर्षी विद्यार्थ्यांना त्यांच्या पालकांसह बोलावितो. त्या समारंभात भाषणे होतात, हार होतात. त्यांतला अर्धा तास एखाद्या जाणत्या डॉक्टरास द्यावा, आणि पालकांना व मुलांना मोकळेपणाने प्रश्न विचारू द्यावेत. थोड्याशा सवयीने अडलेला प्रवाह महिन्याभरात सुधारू लागतो, जुन्या सवयीने अडलेला तितक्या काळात सुधारत नाही, एवढी एक गोष्ट जरी त्या मुलांच्या कानी वेळेवर पडली, तरी न्यासाच्या पैशाचे चीज झाले असे आम्ही समजू.